जॉन बॉइड डनलॉप: मोठी चाकं घेण्याआधी या जनावरांच्या डॉक्टरला भेटा

समजा, तुमच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीला कंपनीने १६ इंची चाकं दिली आहेत. एका रीलमध्ये तीच गाडी १८ इंची काळ्या ॲलॉयवर आणि जाडजूड बटणांच्या ऑफ-रोड टायरवर चिखलातून जाताना दिसते. मग सर्च सुरू होतो: माझ्या गाडीला १८ इंची बसतील का? मायलेज किती पडेल? किती मोठा टायर घेतला तर घासणार नाही?

या प्रश्नांची उत्तरं आपण आज बघणार आहोत, पण सोबत एका माणसाच्या आयुष्याची गोष्टही बघू. त्याचं नाव तुम्ही नक्की ऐकलं असेल, बहुतेक गादीच्या निमित्ताने. आपल्याकडे फोमच्या गादीला सरसकट डनलॉपची गादी म्हणायची सवय आहे. पण जॉन बॉइड डनलॉप यांनी गादी कधीच बनवली नाही. ते इंजिनिअर नव्हते, सायकलच्या धंद्यातलेही नव्हते. ते होते जनावरांचे डॉक्टर. आणि टायरमध्ये नेमकं काम कोण करतं, हे त्यांच्या घरामागच्या अंगणात जितकं स्वच्छ दिसलं, तितकं आजच्या ॲलॉयच्या शोरूममध्ये दिसत नाही.

घोड्यांचा डॉक्टर

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरोमध्ये ते पशुवैद्यकीचं शिक्षण घेऊन अवघ्या १९ व्या वर्षी डॉक्टर झाले. आपण दिवस भरण्याआधी, दोन महिने लवकर जन्मलो, त्यामुळे आपली तब्येत नाजूक आहे, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. आयुष्यभर ते जपून वागले. गंमत म्हणजे ८१ व्या वर्षापर्यंत त्यांना मोठं आजारपण आलंच नाही.

१८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. आधी डाउनपॅट्रिक नावाच्या गावात भावाबरोबर दवाखाना चालवला, मग बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर जम बसवला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी लग्न झालं. एक मुलगी, एक मुलगा. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांचा दवाखाना आयर्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक झाला होता. म्हणजे ही गॅरेजमधल्या कडक्या स्टार्टअपची गोष्ट नाही. वय सत्तेचाळीस, धंदा उत्तम, नाव मोठं, बदलायचं काही कारण नाही, अशा माणसाने केलेला हा साइड प्रोजेक्ट आहे.

त्या काळातली गाडी म्हणजे घोडागाडी, आणि तिचं चाक म्हणजे लाकडी आऱ्यांवर चढवलेली लोखंडी धाव. आपल्या जुन्या बैलगाडीला असायची तीच. सायकलींना मात्र भरीव रबराच्या पट्ट्या यायला लागल्या होत्या. रस्ते दगडी फरसबंदीचे. दगडावरून चाक गेलं की हादरा थेट हाडापर्यंत. शिवाय गाडी ओढणाऱ्या जनावराची किती ताकद फुकट जाते, हे रोज घोडे तपासणाऱ्या डॉक्टरपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

अंगणातली टेस्ट

ऑक्टोबर १८८७. डनलॉप यांचा लहान मुलगा जॉनी याच्याकडे तीनचाकी सायकल होती. तिची चाकं त्या दगडी रस्त्यांवर नुसती आदळायची. ती चाकं हलकी आणि मऊ कशी करता येतील, यावर वडील विचार करत होते.

रबराशी त्यांची चांगली ओळख होती. त्यांनी सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची एक लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराच्या शीटची नळी केली, ती तबकडीच्या कडेवर बसवली, वरून कापडाचं आवरण चढवलं आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग जॉनीच्या सायकलचं मूळचं धातूचं चाक काढलं आणि दोन्ही चाकं अंगणात शेजारी शेजारी ढकलून दिली.

धातूचं चाक थोडं जाऊन आडवं पडलं. हवेचं चाक अंगण ओलांडून गेटच्या खांबापर्यंत गेलं आणि त्याच्यावर आपटून परत उसळलं.

ही टेस्ट मला प्रचंड आवडते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला ए/बी टेस्ट म्हणतो: तेच अंगण, तोच हात, बदललं फक्त चाक. सेन्सर नाही, ग्राफ नाही, तरी निकालात शंकेला जागा नाही.

असं का झालं ते समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण तुमच्या १८ इंची प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. कडक चाक खड्यावर चढतं तेव्हा चाकासकट वरचं सगळं वजन खड्याच्या उंचीइतकं उचलावं लागतं. ते उचलायला लागलेली ऊर्जा पुढे जाण्याच्या वेगातून जाते आणि खाली आदळताना बरीचशी आवाज आणि हादऱ्यांत वाया जाते. प्रत्येक खडा म्हणजे छोटासा ब्रेक. हवेचं चाक मात्र खडा पोटात घेतं. रबर तेवढ्याच जागी आत दबतं, आतली हवा तो दाब सगळीकडे वाटून घेते, आणि धुरा जवळजवळ सरळ रेषेत पुढे जातो. खडा मागे पडला की दबलेला भाग पुन्हा फुगतो आणि ऊर्जेचा मोठा हिस्सा परत मिळतो. म्हणून मऊ चाक जास्त लांब जातं. ऐकायला उलटं वाटतं, पण खडबडीत जमिनीवर ते अगदी खरं आहे.

पुढे डनलॉप यांनी तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना हे टायर बसवले. मग मोठ्या सायकलसाठी मोठे टायर केले, तर निकाल आणखी चांगला आला. दक्षिण बेलफास्टमधल्या चेरीव्हेल मैदानावर चाचण्या झाल्या. २३ जुलै १८८८ ला पेटंटचा अर्ज आणि ७ डिसेंबर १८८८ ला पेटंट मंजूर. अर्जात त्यांनी सायकल आणि तीनचाकीबरोबर रस्त्यावरच्या इतर गाड्याही धरल्या होत्या. मोटारगाडी तेव्हा नुकती जन्मली होती, तिच्या चाकाला अजून हवा माहीत नव्हती.

तुमची गाडी कशावर उभी आहे?

इथे थोडं थांबू आणि तुमच्या गाडीकडे येऊ.

माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,५०० किलो समजा. चार टायर, म्हणजे प्रत्येकी ३७५ किलो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलोचा दाब. ३७५ ला २.३ ने भागा. उत्तर येतं जवळपास १६० चौरस सेंटिमीटर. इतकाच भाग जमिनीला टेकलेला असतो. चारही टायर मिळून एका ए४ कागदाएवढी जागा! साइडवॉलचा कडकपणा थोडं वजन पेलतो म्हणून खरा आकडा जरा इकडेतिकडे होतो, पण अंदाज हाच. वजन मुख्यतः हवा पेलते. रबर आणि त्यातल्या दोऱ्या, तारा त्या हवेला धरून ठेवण्याचं काम करतात.

आता टायरच्या बाजूला लिहिलेला नंबर वाचा. अनेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींना असतो तो २१५/६० आर१६ घेऊ. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आणि १६ म्हणजे रिमचा व्यास इंचात. एकूण व्यास: १२९ अधिक १२९ अधिक ४०६, म्हणजे ६६४ मिलिमीटर.

रीलमधले १८ इंची ॲलॉय लावायचे आणि टायर व्हील आर्चमध्ये घासू द्यायचा नाही, तर साधारण २३५/४५ आर१८ घ्यावा लागतो. याची साइडवॉल १०६ मिलिमीटर, एकूण व्यास ६६९. बघा काय झालं. चाक मोठं दिसतंय, पण टायरचा व्यास फक्त ५ मिलिमीटरने वाढला. ग्राउंड क्लिअरन्स वाढला त्याच्या निम्मा, अडीच मिलिमीटर, म्हणजे मोबाईलच्या कव्हरइतका. आणि रिम व रस्ता यांच्यामधली हवेची उशी २३ मिलिमीटरने कमी झाली. डनलॉप यांनी अंगणात जे कमावलं, त्यातला जवळपास पाचवा भाग तुम्ही पैसे मोजून परत दिलात.

परिणाम? स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर मोठे, सावकाश धक्के सांभाळतात. छोटे, झटक्यात येणारे धक्के टायरच्या हवेनेच गिळायचे असतात. साइडवॉल बारीक झाली की खड्ड्याची कड थेट रिमपर्यंत पोचते. रिम वाकते, नाहीतर टायरच्या बाजूला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो.

म्हणून खऱ्या ऑफ-रोड गाडीकडे बघा. जिम्नीला कंपनी १९५/८० आर१५ देते. रिम फक्त १५ इंची, पण साइडवॉल १५६ मिलिमीटर! शोरूममध्ये हे चाक लहान वाटेल. दगडांवर मात्र तेच कामाला येतं.

माझं मत स्पष्ट आहे: कच्च्या रस्त्यासाठी पैसे खर्च करायचे असतील तर रिम तीच ठेवा (किंवा ब्रेकला जागा पुरत असेल तर एक इंच कमी करा) आणि साइडवॉल वाढवा. २१५/६० आर१६ च्या जागी २१५/६५ आर१६ घेतला तर साइडवॉल १४० मिलिमीटर होते, व्यास ६८६, म्हणजे ३.२ टक्के जास्त. क्लिअरन्स साधारण ११ मिलिमीटरने वाढतो. स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजून वेग काढतो, त्यामुळे आधी अचूक असलेल्या मीटरवर १०० दिसेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०३ वर असेल. एवढं चालण्यासारखं आहे, पण स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून आणि गाडीत माणसं बसवून टायर कुठे घासत नाही ना, हे बघूनच घ्या.

त्यापुढे हाव धरली, समजा २३५/६५ आर१६, तर व्यास ७१२ होतो. सात टक्के जास्त. क्लिअरन्सचे २४ मिलिमीटर मिळाले खरे, पण प्रत्येक गिअर सात टक्क्यांनी उंच झाल्यासारखा होतो. छोटं इंजिन, चढ, पहिला गिअर, आणि चाकाशी मिळणारी ओढ जवळपास तितकीच कमी. बहुतेक कॉम्पॅक्ट गाड्यांत हा टायर आर्चच्या आतल्या प्लास्टिकला घासतोही.

टायरच्या प्रकाराबद्दल थोडक्यात. एच/टी म्हणजे डांबरी रस्त्याचा, एम/टी म्हणजे चिखलाचा, ए/टी म्हणजे दोन्हीकडे बऱ्यापैकी चालणारा. रोज ऑफिस आणि महिन्यातून एखादा घाट किंवा किल्ल्याचा पायथा असेल, तर सौम्य ए/टी पुरे. एम/टी कॉम्पॅक्ट एसयूव्हीवर म्हणजे आवाज, वजन आणि ओल्या डांबरावर वाढलेलं ब्रेकिंगचं अंतर. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी कधीही घेऊ नका (९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो). आणि जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार कंपनीच्या मूळ तपशिलांच्या विरोधात जाणारे बदल चालत नाहीत. त्यामुळे तुमच्याच मॉडेलच्या एखाद्या व्हेरिएंटला कंपनी जी साइज देते, ती सगळ्यात बिनघोर.

आता परत बेलफास्टला जाऊ.

लोक हसले, मग रांगा लागल्या

१८८९ मध्ये हे टायर लावलेल्या सायकली दिसायला लागल्या तेव्हा लोकांनी टिंगल केली. बारीक चाकांची सवय असलेल्या डोळ्यांना ते फुगलेले टायर विचित्रच दिसत होते. विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने मात्र तशी सायकल विकत घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो शर्यतीत उतरला आणि सायकलच्या चारही शर्यती जिंकला. मग लिव्हरपूलला जाऊन तिथेही एक सोडून बाकी सगळ्या जिंकल्या.

हरणाऱ्यांमध्ये हार्वे दु क्रो यांची मुलं होती. दु क्रो डब्लिनचे उद्योजक आणि आयर्लंडच्या सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष. मुलं हरली याचं दुःख करत बसण्याऐवजी त्यांनी टायर बघितला. त्याच वर्षी डब्लिनमध्ये कंपनी स्थापन झाली. डनलॉप यांनी आपलं पेटंट दु क्रो यांच्याकडे सोपवलं आणि बदल्यात १,५०० शेअर घेतले.

पेटंट गेलं

आणि मग जे झालं ते कुठल्याही प्रॉडक्ट टीमला हादरवणारं आहे. पेटंट मिळून दोन वर्षं होतात तोच डनलॉप यांना कळवण्यात आलं, की ते रद्दबातल आहे. कारण हाच शोध चाळीसहून जास्त वर्षं आधी लागला होता.

रॉबर्ट विल्यम थॉमसन. तेही स्कॉटिश. १८४५ मध्ये, वय २३, त्यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना तशी चाकं लावून दाखवली होती. एक संच १,२०० मैल चालला. पण सायकलचा जमाना यायचा होता, पातळ चांगलं रबर महाग होतं, गिऱ्हाईक कोणी नव्हतं. शोध विस्मरणात गेला, थॉमसन १८७३ मध्ये वारले. डनलॉप यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ही चोरी नव्हती. पण पेटंटच्या कायद्यात आधी कोणी केलं एवढंच बघतात, तुम्हाला माहीत होतं का हे विचारत नाहीत.

मूळ कल्पनेवर हक्क उरला नाही म्हटल्यावर दु क्रो यांनी दुसरी वाट काढली: टायरभोवतीचे बाकीचे शोध विकत घ्यायचे. सुरुवातीचा डनलॉप टायर रिमला चिकटवलेला असायचा. पंक्चर काढायचं म्हणजे सगळं सोलून काढा, ठिगळ लावा, परत चिकटवा, वाळेपर्यंत थांबा. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या कडेत तार घालायची आणि रिमला तशी खाच द्यायची युक्ती काढली. कंपनीने ते पेटंट घेतलं. आज तुमच्या टायरच्या कडेला जो कडक तारेचा बीड असतो, तो त्याच कल्पनेचा वंशज.

या बीडचा ऑफ-रोडशी थेट संबंध आहे. वाळूत किंवा मऊ मातीत अनुभवी लोक हवा कमी करतात. वरचं गणित आठवा: ३३ ऐवजी १८ पीएसआय केलं तर हिशेबाने टेकणारी जागा १६० वरून जवळपास ३०० चौरस सेंटिमीटर होते, चाक रुतत नाही. पण बीडला रिमवर दाबून धरणारीही हवाच असते. फार कमी केली आणि जोरात वळलात की बीड रिमवरून सुटतो आणि टायर जागेवर बसतो. पुन्हा तेच: हवा कमी करून दबायला साइडवॉलला उंची लागते. ४५ च्या टायरमध्ये तेवढी जागाच नसते, रिम दगडाला लागते. आणि डांबरी रस्त्यावर यायच्या आधी हवा परत भरायचीच, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. डिकीत छोटा कम्प्रेसर ठेवा, नव्या ॲलॉयपेक्षा खूपच स्वस्तात पडतो.

आणखी एक शोध तुम्ही हातात धरलेला आहे. आजोबांच्या काळ्या सायकलचा तो व्हॉल्व्ह आठवतो? छोटी रबरी व्हॉल्व्ह ट्यूब लावून बसवायचा? तो १८९१ चा वुड्स यांचा व्हॉल्व्ह. अनेक देशांत त्याला डनलॉप व्हॉल्व्हच म्हणतात, जरी तो डनलॉप यांनी केलेला नाही.

सायकलवरून मोटारीवर

मोटारीवर हवा चढवली ती फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी. चिकटवलेल्या टायरचं पंक्चर काढताना किती हाल होतात हे स्वतः अनुभवल्यावर त्यांनी १८९१ मध्ये पटकन निघणारा सायकल टायर केला. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत ते हवेचे टायर लावलेली मोटार घेऊन उतरले आणि वाटेत पंक्चरवर पंक्चर काढत राहिले. शर्यत जिंकली नाही, पण हवेवर मोटार चालते हे सगळ्यांनी पाहिलं. पंक्चर हेच तेव्हाचं सगळ्यात मोठं दुखणं होतं. त्यातूनच वेल्समधल्या लॅनेली गावात १९०४ मध्ये जादा चाकाची सोय निघाली, स्टेपनी स्ट्रीटवर. आपण ज्याला स्टेपनी म्हणतो ती हीच! जाता जाता: चारही टायर मोठे केलेत तर डिकीतली जुनी स्टेपनी लहान पडते. दुकानदार हे क्वचितच सांगतात. बजेट पाच टायरचं धरा.

नाव राहिलं, माणूस बाहेर

डनलॉप यांचं काय झालं? १८९२ मध्ये त्यांनी दवाखाना सोडला आणि डब्लिनला राहायला गेले. कंपनीत मन फार रमलं नाही. १८९५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि आपला हिस्सा विकून टाकला. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, दु क्रो यांनी कंपनी अर्नेस्ट टेरा हूली या भांडवलदाराला तीस लाख पौंडांना विकली. हूलीने ती लगेच पन्नास लाखांना बाजारात आणली. नव्या कंपनीच्या नावात डनलॉप हा शब्द ठळक होता. त्या पैशांत खुद्द डनलॉप यांचा वाटा नव्हता. ते डब्लिनमधल्या कापडाच्या एका मोठ्या दुकानाच्या कारभारात लक्ष घालत होते. (टायरच्या धंद्यात हे नवीन नाही. रबर टिकाऊ करण्याची रीत शोधणारे चार्ल्स गुडइयर १८६० मध्ये वारले. त्यांच्या नावाची टायर कंपनी निघाली १८९८ मध्ये, आणि तिचा त्यांच्या घराशी काही संबंध नाही.)

अखेरच्या वर्षांत तर डनलॉप यांना स्वतःच्याच नावाच्या कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं. कंपनी जाहिरातींत त्यांचं चित्र वापरत होती. चेहरा त्यांचा, पण अंगावर नटव्या माणसाचे भपकेबाज कपडे. आयुष्यभर साधेपणाने राहिलेल्या या डॉक्टरला ते सहन झालं नाही. त्यांना पैशांपेक्षा ते चित्र थांबवण्यात रस होता. प्रकरण लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. चेहऱ्याचा परवानगीशिवाय वापर हा आज डीपफेकमुळे चर्चेत आलेला विषय, पण शंभर वर्षांपूर्वी एका टायरवाल्याने त्यासाठी भांडण केलं होतं.

ऑक्टोबर १९२१ मध्ये त्यांना थंडी बाधली. ज्या नाजूक तब्येतीची त्यांनी आयुष्यभर काळजी केली, तिचा हा पहिलाच मोठा आजार. २३ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या घरी त्यांचं निधन झालं. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता. तो त्यांच्या मागे मुलीने प्रसिद्ध केला.

कंपनी मात्र वाढतच गेली. तिच्याच कारखान्यात १९२९ च्या सुमारास रबराच्या चिकापासून फोम तयार झाला, आणि गादीला डनलॉप नाव पडलं ते तिथून. १९३६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यात साहागंज इथे भारतातला कारखाना सुरू झाला. मोटारीच्या टायरबरोबर बैलगाडीसाठीही हवेचे टायर आले. लोखंडी धाव गेली, ओढ हलकी झाली, तीच बैलजोडी जास्त माल नेऊ लागली. कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊसपट्ट्यात रबरी टायरच्या त्या गाडीला लोक डनलॉप गाडीच म्हणतात. आत कुठल्याही कंपनीचा टायर असला तरी.